अस्थिदोषासाठी स्कॅफोल्ड: पोकळीवरून पदार्थ कसा ठरवावा, कसा घडवावा, कसा तपासावा

हाडांच्या ऊती-अभियांत्रिकीतील काम, म्हणजे हाडाची तूट भरून येईपर्यंत पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा (स्कॅफोल्ड) घडवणे, बहुधा उलट्या टोकाने सुरू होते. कपाटात हायड्रॉक्सीॲपेटाइटची (हाडातील खनिजासारख्या कॅल्शियम फॉस्फेटची) पूड असते, शेजारच्या विभागातील लायोफिलायझर (गोठवून वाळवण्याचे यंत्र) रिकामा असतो, म्हणून कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट यांचा स्पंज तयार केला जातो. तो नेमका कोणत्या हाडाच्या कोणत्या पोकळीत बसवायचा, हा प्रश्न मात्र प्रबंधाच्या अखेरीस ‘भावी उपयोग’ या मथळ्याखाली चार ओळींत उरकला जातो. पुढील मांडणी या क्रमाच्या विरुद्ध आहे. नागपूर आणि विदर्भातील पदार्थविज्ञान, औषधनिर्माणशास्त्र, दंतवैद्यक, अस्थिरोग आणि पशुवैद्यक या विषयांतील पदव्युत्तर विद्यार्थी आणि तरुण संशोधक यांना ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे. प्रयोगशाळेत काम करण्याची प्राथमिक सवय वाचकाला आहे, असे येथे गृहीत धरले आहे.

आधी पोकळी समजून घ्यावी

साधे अस्थिभंग योग्य आधार मिळाला की आपोआप जुळतात. तेथे स्कॅफोल्डची गरज नाही. गरज पडते ती हाड स्वतःहून भरून काढू शकत नाही इतकी मोठी तूट झाल्यावर. अशा वेळी शल्यचिकित्सकाची पहिली पसंती आजही रुग्णाच्याच कटिअस्थीच्या कडेवरून काढलेल्या हाडाच्या तुकड्याला (ग्राफ्टला) असते, कारण त्यात जिवंत पेशी, वाढघटक आणि खनिजयुक्त कोलॅजन हे तिन्ही एकत्र मिळतात. त्याच्या मर्यादाही सर्वश्रुत आहेत: मिळणारे हाड मोजके असते, दुसरी जखम करावी लागते आणि ती जागा पुढे बराच काळ दुखत राहू शकते. दात्याकडून घेतलेल्या हाडासाठी अस्थिपेढी लागते आणि प्रक्रियेत त्या हाडाची जैविक क्षमता बरीच कमी होते. कृत्रिम स्कॅफोल्डची तुलना शेवटी या दोन पर्यायांशीच होणार आहे, हे आरंभीच लक्षात ठेवावे.

पोकळीबद्दल निदान इतके तरी कागदावर उतरवावे: तिच्यावर भार किती येतो, भोवतीच्या ऊतींत रक्तपुरवठा कसा आहे, ती चारही बाजूंनी हाडाने वेढलेली आहे की एका बाजूने उघडी आहे, आणि तेथे जंतुसंसर्ग आहे किंवा होण्याची शक्यता आहे काय. ही माहिती नियतकालिकांपेक्षा शस्त्रक्रियागृहात अधिक चांगली मिळते. व्हीएनआयटी (अभियांत्रिकी संस्था), ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), शासकीय दंत महाविद्यालय, मिहानमधील एम्स आणि सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय एकाच शहरात आहेत, ही नागपूरची मोठी सोय आहे. पदार्थ निवडण्यापूर्वी एखाद्या अस्थिशल्यचिकित्सकासोबत किंवा मुख-शल्यचिकित्सकासोबत परवानगीने काही शस्त्रक्रिया पाहाव्यात. ग्राफ्ट हाताने कसा दाबून बसवला जातो, रक्ताने भिजल्यावर तो जागेवर राहतो की वाहून जातो, कात्रीने किंवा बरने (हाड कोरण्याच्या फिरत्या टोकाने) त्याला आकार देता येतो काय, हे गुण कोणत्याही यंत्राच्या आलेखात दिसत नाहीत, पण वापराचा निर्णय पुष्कळदा त्यांवरच होतो.

विदर्भात वारंवार दिसणाऱ्या तीन परिस्थिती घेऊन पाहू. खर्‍याच्या (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाच्या) व्यसनामुळे मुखाचा कर्करोग येथे मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा सलग तुकडा काढावा लागतो. ही पोकळी स्कॅफोल्डसाठी सर्वात आकर्षक वाटते आणि नेमकी तीच सर्वात अवघड असते: चर्वणाचा भार, लाळ आणि तोंडातील जंतू, वर पुढे होणाऱ्या किरणोपचारामुळे क्षीण झालेला रक्तपुरवठा. अशा ठिकाणी रक्तवाहिनीसह घेतलेला पायातील फिब्युला हाडाचा तुकडा हाच आज योग्य उपचार आहे, आणि नुसता स्कॅफोल्ड त्याची जागा घेईल असे प्रस्तावात लिहू नये. दुसरी परिस्थिती सिकलसेल या रक्तविकाराच्या रुग्णांची. त्यांच्यात मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून तो भाग मृत होतो. सुरुवातीच्या टप्प्यात तेथे बोगदा पाडून दाब कमी केला जातो आणि तो बोगदा भरावा लागतो. येथे ठोकळा उपयोगाचा नाही. लहान दाणे किंवा सुईतून जाणारी पेस्ट हवी, आणि मूळ दुखणेच रक्तपुरवठ्याचे असल्याने नव्या रक्तवाहिन्यांना आत येता येईल अशी रचना हवी. तिसरी परिस्थिती अपघातात उघड्या पडलेल्या आणि नंतर पू झालेल्या नडगीच्या हाडाची. तेथे संसर्ग आटोक्यात आल्याशिवाय कोणताही विरघळणारा बहुवारिक (पॉलिमर) पदार्थ ठेवणे धोक्याचे असते. प्रतिजैविक सोडणारे कॅल्शियम सल्फेटचे मणी किंवा एस५३पी४ या प्रकारची जैवसक्रिय काच हे पर्याय विचारात येतात.

नव्या प्रयोगशाळेने सुरुवात वेढलेल्या, कमी भाराच्या पोकळीपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. दात काढल्यानंतरची खोबण, जबड्यातील गाठ काढल्यानंतरची पोकळी, वरच्या जबड्यावरील सायनसचा तळ उचलल्यावर तयार होणारी जागा, ही उदाहरणे छोटी वाटतात, पण त्यांत मिळालेले उत्तर विश्वासार्ह असते.

पदार्थाची निवड

नैसर्गिक हाडात वजनाच्या सुमारे ६५ ते ७० टक्के खनिज, २० ते २५ टक्के सेंद्रिय भाग (मुख्यतः पहिल्या प्रकारचे कोलॅजन) आणि उरलेले पाणी असते. खनिज दाब सोसते, कोलॅजन ताण आणि धक्का सोसते. कोणताही एकच कृत्रिम पदार्थ ही दोन्ही कामे करत नाही, म्हणून अखेरीस बहुतेक वाटा संमिश्र पदार्थाकडे येतात.

कॅल्शियम फॉस्फेट वर्गात हायड्रॉक्सीॲपेटाइट (कॅल्शियम-फॉस्फरस गुणोत्तर १.६७) आणि बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट (गुणोत्तर १.५) हे दोन मुख्य. उच्च तापमानात भाजलेला पहिला पदार्थ शरीरात वर्षानुवर्षे टिकतो, दुसरा काही महिन्यांपासून साधारण दोन वर्षांत शोषला जातो. दोहोंचे मिश्रण करून वेग हवा तसा ठेवता येतो आणि ६० भाग पहिला, ४० भाग दुसरा हे प्रमाण बऱ्याच ठिकाणी वापरले जाते. दोन्ही ठिसूळ आहेत. घट्ट हाडाची दाबशक्ती साधारणपणे १०० ते २३० मेगापास्कल आणि जाळीदार हाडाची २ ते १२ मेगापास्कल असते. सच्छिद्र सिरॅमिकला जाळीदार हाडाची बरोबरी दाबात एक वेळ साधेल, पण वाकवणाऱ्या बलापुढे ते तडकते. त्यामुळे भाराच्या ठिकाणी ते प्लेट आणि स्क्रूच्या आधाराशिवाय वापरू नये.

जैवसक्रिय काच लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात शोधली. ४५एस५ या तिच्या मूळ प्रकारात वजनाने ४५ टक्के सिलिका, प्रत्येकी २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड व सोडियम ऑक्साइड आणि ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड असते. द्रवात ती सोडियम सोडते, पृष्ठभागावर सिलिकाचा जेल तयार होतो आणि त्यावर ॲपेटाइटचा थर बसतो, त्यामुळे ती हाडाला घट्ट धरते. अडचणी दोन आहेत. सोडियममुळे भोवतीचा पीएच चढतो, म्हणून पेशी पेरण्यापूर्वी तुकडे माध्यमात भिजवून माध्यम बदलत राहावे लागते. शिवाय भाजताना ही काच स्फटिक बनू लागते आणि नीट सांधली जात नाही. सच्छिद्र ठोकळाच घडवायचा असेल तर १३-९३ हा प्रकार अधिक सोयीचा पडतो. कॅल्शियम सल्फेट स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, पण ते काही आठवड्यांत विरघळते आणि नवे हाड पुष्कळदा त्या वेगाने येत नाही.

कृत्रिम बहुवारिकांपैकी पॉलिकॅप्रोलॅक्टोन सुमारे ६० अंश सेल्सिअसला वितळते, छपाईस सोपे असते आणि शरीरात दोन-तीन वर्षे टिकते. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांचे समप्रमाणातील सहबहुवारिक काही आठवड्यांपासून दोनेक महिन्यांत विघटित होते, पण त्यातून आम्ल बाहेर पडते. जाड ठोकळ्याच्या गाभ्यात ते साचले की आतील भाग बाहेरच्यापेक्षा आधी ढासळतो. कॅल्शियम फॉस्फेट मिसळल्यास ते हे आम्ल काही अंशी शमवते, आणि संमिश्राच्या बाजूने हे एक चांगले कारण आहे. कोलॅजन, जिलेटिन, कायटोसान, रेशमातील फायब्रॉइन हे नैसर्गिक बहुवारिक पेशींना मानवतात. त्यांची उणीव ताकदीत आणि प्रत्येक खेपेगणिक बदलणाऱ्या गुणांत असते. कोलॅजन आणि जिलेटिन गाईचे आहे, डुकराचे आहे की माशाचे, हे खरेदीच्या वेळीच विचारून नोंदवावे. पुढे रुग्णाच्या संमतीपत्रात ते लिहावे लागते आणि आपल्याकडे तो प्रश्न औपचारिक नसतो. नागपुरी संत्र्याच्या सालीतील पेक्टिनवर प्रयोग करावा, ही कल्पना दरवर्षी कोणाला ना कोणाला सुचतेच. पेक्टिन कॅल्शियमसह जेल बनवते आणि कायटोसानशी बांधले जाते, तेव्हा कल्पना निराधार नाही. पण साल कोणत्या बहराची, किती पिकलेली आणि कशी वाळवलेली, यांवर त्याची रचना बदलते. स्थानिक कच्चा माल म्हणून तो निवडायचा असेल, तर मिथॉक्सिलीकरणाची मात्रा आणि रेणुभार प्रत्येक खेपेला मोजण्याची तयारी हवी.

टायटेनियमचा लवचिकता गुणांक सुमारे ११० गिगापास्कल, तर घट्ट हाडाचा १५ ते २० च्या आसपास असतो; धातूच सगळा भार घेतो आणि शेजारचे हाड विरळ होत जाते. जाळीदार छपाईने हा गुणांक उतरवता येतो, परंतु तो विषय येथे वाढवत नाही.

वाढघटकांबाबत एक सावधगिरी. मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये खनिजरहित केलेल्या हाडात नवे हाड निर्माण करण्याची क्षमता दाखवली आणि त्यातून पुढे अस्थिजनक प्रथिनांचा शोध लागला. त्यांपैकी बीएमपी-२ ला अमेरिकेत २००२ मध्ये पाठीच्या कण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता मिळाली. मोठ्या मात्रेत वापरल्यावर सूज आणि नको त्या जागी हाड तयार होणे, हे त्याचे दुष्परिणामही पुढे आले. पहिल्याच प्रकल्पात ते घालू नये. हाड आले तर ते प्रथिनामुळे आले की स्कॅफोल्डमुळे, हे वेगळे काढणे कठीण होते, आणि जो स्कॅफोल्ड त्याच्याशिवाय काहीच करत नाही तो केवळ महागडा वाहक ठरतो.

हायड्रॉक्सीॲपेटाइट आपल्याच प्रयोगशाळेत

विकत घेतलेली पूड वापरायला हरकत नाही, परंतु एकदा तरी ती स्वतः तयार करावी. पदार्थाचे दोष त्यातूनच कळतात. कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट २३.६ ग्रॅम २०० मि.लि. पाण्यात आणि डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट ७.९२ ग्रॅम वेगळ्या २०० मि.लि. पाण्यात विरघळवावे. दोन्ही द्रावणांचा पीएच अमोनियाने १० च्या वर न्यावा. कॅल्शियमचे द्रावण ढवळत ठेवून त्यात फॉस्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडावे, पीएच पुन्हा पुन्हा तपासून १० च्या खाली येऊ देऊ नये, आणि सगळे थेंब पडल्यावर पांढरा साका २४ तास मुरू द्यावा. हे सर्व फ्यूम हूडमध्ये करावे. नंतर गाळून किंवा सेंट्रिफ्यूज करून धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत साका धुवावा. धुणे अपुरे राहिले तर त्यात अमोनियम नायट्रेट उरते आणि असा साका भट्टीत तापवणे धोक्याचे असते, म्हणून येथे घाई करू नये. ८० अंशांवर वाळवल्यावर हिशेबाने सुमारे १० ग्रॅम पूड मिळायला हवी.

नागपूरच्या हवामानाचा येथे थेट संबंध येतो. कॅल्शियम नायट्रेट टेट्राहायड्रेट सुमारे ४३ अंशांवर स्वतःच्याच स्फटिकजलात वितळते, आणि मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या भांडारगृहात हे तापमान सहज गाठले जाते. पावसाळ्यात तीच बाटली हवेतील ओल शोषून घेते. ओल शोषलेल्या क्षारातून वजन केले की कॅल्शियम कमी पडते आणि गुणोत्तर १.६७ ऐवजी खाली उतरते. बाटली डेसिकेटरमध्ये, थंड जागी ठेवावी आणि शंका असल्यास द्रावणातील कॅल्शियम ईडीटीएच्या अनुमापनाने मोजून घ्यावे. उन्हाळ्यात अमोनियाही भराभर उडून जातो, म्हणून चंचुपात्र थंड पाण्यात ठेवून काम करावे.

वाळलेली पूड लगेच एक्स-रे डिफ्रॅक्शनला (स्फटिकरचना ओळखणाऱ्या क्ष-किरण चाचणीला) देऊन समाधान मानू नये. तिचा थोडा भाग ९०० अंशांवर दोन तास तापवून मग पुन्हा तपासावा. कॅल्शियम कमी असेल तर तापवल्यावर बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेटच्या रेषा उमटतात, जास्त असेल तर कॅल्शियम ऑक्साइडच्या. न तापवलेल्या नमुन्याच्या रुंद शिखरांत हे दोन्ही दोष लपून राहतात.

स्पंज, ठोकळा की छापलेली जाळी

वेढलेल्या छोट्या पोकळीसाठी जिलेटिन, कायटोसान आणि हायड्रॉक्सीॲपेटाइट यांचा गोठवून वाळवलेला स्पंज पुरेसा असतो. १ टक्का ॲसेटिक आम्लात २ टक्के कायटोसान आणि ४० अंशांच्या कोमट पाण्यात २ टक्के जिलेटिन वेगवेगळे विरघळवून समप्रमाणात एकत्र करावे. बहुवारिकांच्या एकूण वजनाच्या ३० टक्क्यांच्या आसपास सूक्ष्म पूड अल्ट्रासोनिकेटरने विखरून त्यात मिसळावी. एक गोष्ट अनेकदा नजरेतून सुटते: हायड्रॉक्सीॲपेटाइट आम्लात विरघळते. मिश्रण रात्रभर ढवळत ठेवले तर तोललेली सगळी पूड स्पंजमध्ये उरत नाही. म्हणून पूड शेवटी, पीएच ५ च्या वर आणल्यानंतर घालावी, लगेच साच्यात ओतावे आणि तयार स्पंजमधील खनिजाचे खरे प्रमाण औष्णिक वजन-विश्लेषणाने किंवा जाळून उरलेल्या राखेवरून मोजावे. प्रबंधात हेच मोजलेले प्रमाण लिहावे, घातलेले नव्हे.

छिद्रांचा आकार गोठवण्याच्या वेगावर ठरतो. सावकाश गोठलेल्या कुल्फीत बर्फाचे खडे मोठे लागतात, तसेच येथे उणे २० अंशांवर हळू गोठवल्यास स्फटिक मोठे वाढतात आणि ते उडून गेल्यावर मोठी छिद्रे उरतात. द्रव नायट्रोजनमध्ये बुडवल्यास छिद्रे बारीक आणि बहुधा एका दिशेने ओळीत लागलेली मिळतात. पेशींना आत शिरण्यासाठी किमान १०० मायक्रोमीटर आणि रक्तवाहिन्यांसह हाड येण्यासाठी ३०० मायक्रोमीटरच्या वरची छिद्रे चांगली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. छिद्रे एकमेकांना जोडलेली असणे त्याहून महत्त्वाचे आहे. गोठलेला साचा लायोफिलायझरपर्यंत नेताना पृष्ठभाग वितळला तर तेथे बंद कातडीसारखा थर तयार होतो. म्हणून यंत्राची फळी आधीच थंड करून घ्यावी, साचा बर्फाच्या पेटीत न्यावा आणि तरीही थर आला तर दोन्ही बाजू धारदार पात्याने छाटाव्यात. उन्हाळ्यात जिलेटिनचे द्रावण खोलीच्या तापमानाला जमतच नाही आणि पूड तळाशी बसते, त्यासाठी ओतल्यानंतर साचा आधी शीतकपाटात घट्ट होऊ द्यावा.

न जोडलेला (साखळ्या रसायनाने एकमेकींशी न बांधलेला) जिलेटिनयुक्त स्पंज ३७ अंशांच्या द्रवात टिकत नाही. ग्लुटरआल्डिहाइड स्वस्त असले तरी त्याचा अवशेष पेशींना मारक असतो, ०.५ टक्के जेनिपिनमध्ये एक दिवस ठेवणे महाग पण सुरक्षित. जेनिपिनने स्पंज निळा होतो आणि तो स्वतः लाल प्रकाश उत्सर्जित करतो, त्यामुळे पुढे रंगावर किंवा प्रतिदीप्तीवर आधारलेली पेशी-चाचणी करताना पेशींविना ठेवलेला स्पंज सोबत असलाच पाहिजे. जोडणीनंतर उरलेले आम्ल सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने शमवून, भरपूर धुऊन पुन्हा गोठवून वाळवावे.

कडक ठोकळा हवा असेल तर पॉलियुरेथेनच्या खुल्या जाळीदार फोमला सिरॅमिकच्या घट्ट राबडीत बुडवून, जादा राबडी पिळून, सावकाश वाळवावे. भट्टीचे तापमान ६०० अंशांपर्यंत मिनिटाला १ अंश या गतीने चढवावे, कारण फोम याच टप्प्यात जळतो आणि तापमान घाईत चढवल्यास निघणाऱ्या वायूने भिंती फुटतात. नंतर १२०० ते १२५० अंशांवर दोन तास. हायड्रॉक्सीॲपेटाइट १३०० अंशांच्या वर विघटित होऊ लागते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट वापरत असल्यास सुमारे ११२५ अंशांपुढे ते बीटामधून अल्फा रूपात जाते आणि अल्फा रूप जास्त वेगाने विरघळते. फोम जळून गेल्यामुळे जाळीच्या काड्या आतून पोकळ राहतात आणि ताकद फार कमी मिळते. राबडीचा दुसरा हात दिल्यास ती वाढते, मात्र छिद्रे बुजणार नाहीत हे पाहावे.

रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून आकार घेऊन पॉलिकॅप्रोलॅक्टोनमध्ये २० ते ३० टक्के हायड्रॉक्सीॲपेटाइट मिसळून छपाई करणे आज सोपे झाले आहे. ०.४ मि.मी.च्या नोझलने तंतूंचे थर एकाआड एक काटकोनात टाकले की छिद्रांची मापे आपल्या हाती राहतात. पृष्ठभाग पाणी झटकणारा असल्याने तो काही तास सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवून खडबडीत आणि ओलसर करून घ्यावा.

तपासणी

सच्छिद्रता मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. १० मि.मी. व्यासाची आणि ५ मि.मी. उंचीची हायड्रॉक्सीॲपेटाइटची चकती घेतल्यास तिचे बाह्य घनफळ ०.३९३ घन सें.मी. येते, तिचे वजन ०.३१ ग्रॅम भरले तर घनता ०.७९, पदार्थाची खरी घनता ३.१६, म्हणजे घन भाग २५ टक्के आणि सच्छिद्रता ७५ टक्के. छिद्रे जोडलेली आहेत की नाहीत हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी मायक्रो-सीटी (सूक्ष्म त्रिमितीय क्ष-किरण चित्रण), आणि ती उपलब्ध नसेल तर रंगीत द्रव एका बाजूने शोषू देऊन मधोमध कापून पाहण्याची साधी रीतही बरेच सांगून जाते.

दाबशक्ती ओल्या नमुन्यावर, शक्य तर ३७ अंशांवर मोजावी. कोरड्या स्पंजचे आकडे आकर्षक असतात, पण शरीरात कोरडा स्पंज कधीच नसतो. विघटन पाहताना फॉस्फेट बफर ठराविक दिवसांनी बदलावा आणि दर वेळी वजनासोबत पीएच आणि दाबशक्तीही नोंदवावी, कारण वजन घटण्याच्या कितीतरी आधी बहुवारिकाची ताकद गेलेली असू शकते.

कृत्रिम शरीरद्रव, म्हणजे जपानी संशोधक कोकुबो यांच्या पद्धतीचा एसबीएफ, प्लास्टिकच्या बाटलीत ३६.५ अंशांवर पीएच ७.४० ठेवून तयार करावा. क्षार ठरलेल्या क्रमानेच, एक पूर्ण विरघळल्यावर दुसरा, असे घालावेत. द्रव किंचितही गढूळ झाला तर तो फेकून द्यावा. द्रवाचे मि.लि.मधील आकारमान नमुन्याच्या चौरस मि.मी.मधील पृष्ठफळाच्या एक दशांश असावे आणि सच्छिद्र नमुन्यासाठी त्याहून जास्त. पृष्ठभागावर ॲपेटाइट उमटले म्हणजे पदार्थ शरीरात हाडाला धरेल असा केवळ संकेत मिळतो. बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या चाचणीत अनेकदा फारसे काही दाखवत नाही आणि तरीही शरीरात उत्तम काम करते, तेव्हा या एका चाचणीवर पदार्थ बाद करू नये.

पेशींच्या चाचणीत आयएसओ १०९९३ या वैद्यकीय साधनांच्या जैविक तपासणीच्या मानक मालिकेच्या पाचव्या भागानुसार अर्क तयार करून सुरुवात करावी. जिवंत पेशींचे प्रमाण ७० टक्क्यांच्या खाली गेले तर विषारीपणाची शक्यता मानली जाते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून एमजी-६३ सारख्या पेशी मागवता येतात. त्या हाडाच्या कर्करोगातून आलेल्या असल्याने जवळजवळ कशावरही वाढतात. पदार्थ मारक नाही एवढेच त्यांच्यावरून सांगावे. हाड घडवण्याचा दावा करायचा तर अस्थिमज्जेतील मूळ पेशी घ्याव्यात आणि मानवी पेशी असल्यास भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेच्या समितीची परवानगी आधी मिळवावी. माध्यमात डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर, ॲस्कॉर्बिक आम्ल ५० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर हे प्रचलित प्रमाण आहे. अल्कलाइन फॉस्फटेज (हाड घडवणाऱ्या पेशींचे विकर) सातव्या ते चौदाव्या दिवसांत आणि खनिजसंचय २१ ते २८ दिवसांत पाहावा. ताजे कॅल्शियम फॉस्फेट माध्यमातील कॅल्शियम आणि प्रथिने ओढून घेते, म्हणून पेशी पेरण्यापूर्वी तुकडे एक दिवस माध्यमात भिजवावेत.

अलिझारिन रेडची चाचणी येथे विशेष फसवी आहे. हा रंग कॅल्शियमला बसतो, आणि स्कॅफोल्डमध्येच कॅल्शियम फॉस्फेट असल्याने पेशी असोत वा नसोत, तो लालभडक होतो. तेवढेच दिवस त्याच माध्यमात, पेशींविना ठेवलेल्या स्कॅफोल्डचे वाचन वजा केल्याशिवाय या चाचणीचा आकडा लिहूच नये. शक्य तर ऑस्टिओकॅल्सिनसारख्या, हाड घडताना सक्रिय होणाऱ्या, जनुकांच्या अभिव्यक्तीची जोड द्यावी.

निर्जंतुकीकरणाची रीत पदार्थ निवडतानाच ठरवावी. सिरॅमिकला १२१ अंशांचा ऑटोक्लेव्ह चालतो, पॉलिकॅप्रोलॅक्टोन त्यात वितळून जाते, लॅक्टिक-ग्लायकोलिक बहुवारिक उष्ण वाफेत विघटित होऊ लागते. २५ किलोग्रेचे गॅमा किरण सोयीचे असतात, पण बहुवारिकाच्या साखळ्या तोडतात. इथिलीन ऑक्साइड वापरल्यास उरलेला वायू निघून जाण्यास पुरेसा अवधी द्यावा. ७० टक्के अल्कोहोल आणि अतिनील दिवा हे पेशींच्या छोट्या प्रयोगापुरते ठीक, प्राण्यांत बसवण्यासाठी नव्हे. कोणतीही रीत घेतली तरी ताकद आणि विघटन यांची मोजणी निर्जंतुक केल्यानंतरच्या नमुन्यावर करावी. नमुने बाहेरगावी किरणनासाठी पाठवायचे असतील तर एप्रिल ते जून टाळावे किंवा शीतपेटी वापरावी. लॅक्टिक-ग्लायकोलिक बहुवारिकाचे काचसंक्रमण (ज्या तापमानाला ते मऊ पडू लागते) ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान असते, आणि नागपूरच्या दुपारी उन्हात उभ्या असलेल्या बंद वाहनात तापमान त्याच्याही पुढे जाते. पाकीट उघडल्यावर छिद्रे बसलेली आढळतात आणि दोष उगाच किरणांना दिला जातो.

प्राण्यांवरील चाचणी

संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीची मान्यता मिळाल्याशिवाय एकही प्राणी मागवू नये. प्रारंभी उंदराच्या, म्हणजे प्रयोगशाळेतील रॅटच्या, कवटीतील ८ मि.मी. व्यासाची पोकळी सोयीची असते; नंतर सशाच्या पुढच्या पायातील रेडियस हाडातील १५ मि.मी. लांबीची तूट घेता येते, कारण शेजारचे अल्ना हाड आधार देते आणि प्लेट लावावी लागत नाही. ससा उष्णता फार सोसत नाही, त्यामुळे प्राणीगृहाचे वातानुकूलन आणि त्याला जोडलेला जनित्र यांची खात्री झाल्याशिवाय उन्हाळ्यात शस्त्रक्रिया ठेवू नये. पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ या टप्प्यावर केवळ मदतनीस नसावेत, योजनेत पहिल्यापासून भागीदार असावेत. नमुन्यांची संख्या संख्याशास्त्रज्ञाकडून आधीच ठरवून घ्यावी.

४, ८ आणि १२ आठवड्यांनी हाड काढून आधी मायक्रो-सीटी आणि मग ऊतिपरीक्षण करावे. हायड्रॉक्सीॲपेटाइटचा अवशेष आणि नवे खनिजयुक्त हाड यांची क्ष-किरणातील घनता एकमेकांवर चढते, तेव्हा मायक्रो-सीटीने दिलेले ‘हाडाचे आकारमान’ जसेच्या तसे स्वीकारू नये. खनिज न काढता मिथाइल मेथाक्रिलेट या रेझिनमध्ये बसवलेल्या छेदांत हे दोन वेगळे ओळखता येतात. आम्लाने खनिज काढले तर स्कॅफोल्डही विरघळून जातो आणि त्याच्या जागी केवळ रिकामी छिद्रे दिसतात, म्हणून निदान काही नमुने खनिज न काढता ठेवावेत.

गट किमान तीन हवेत: स्कॅफोल्ड, स्वतःच्या हाडाचा किंवा बाजारातील मान्य पदार्थाचा ग्राफ्ट, आणि पूर्ण रिकामी सोडलेली पोकळी. प्राणी वाचवण्याच्या सद्हेतूने रिकामा गट अनेकदा वगळला जातो, आणि त्यामुळे उरलेल्या प्राण्यांचाही काही उपयोग होत नाही. तो गट लहान ठेवून, सर्वात आधी करावा. १२ आठवड्यांत रिकामी पोकळी हाडाने भरून आली, तर निवडलेले माप पुरेसे मोठे नव्हते असे समजावे आणि स्कॅफोल्डचे प्राणी घेण्यापूर्वी पोकळीचे माप किंवा जागा बदलून समितीकडे सुधारित अर्ज करावा.